स्टोनर क्रीकवरचा मूळपुरुष : उन्हाळ्यापर्यंतची प्रगती

सासूबाईंच्या माहेरच्या घराण्याचा अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला मूळपुरुष अखेर त्याच्या नावभावापासून वेगळा झाला! तिथल्या बर्बन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) एकाच नावाचे दोन गृहस्थ एकाच काळात राहत होते. तयार मिळणाऱ्या बहुतेक वंशवृक्षांत या दोघांचा एकच माणूस केलेला आहे, त्यामुळे त्याला दोन बायका आणि अशक्य वाटावीत इतकी मुलं चिकटली होती. हयात नातेवाइकांचा विचार करून नाव इथे देत नाही.

जनगणनेचा उपयोग नव्हता. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या जनगणनेचे कागद टिकलेले नाहीत, आणि १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. म्हणून करयाद्या धरल्या. दरवर्षी घरोघरच्या नोंदी: एकवीस वर्षांवरचे पुरुष किती, घोडे किती, जमीन किती एकर आणि कोणत्या ओढ्यावर. हा ओढ्याचा रकाना म्हणजे सोनं आहे. एक गृहस्थ वर्षानुवर्षं हिंक्स्टन क्रीकवर, दुसरा स्टोनर क्रीकवर. हे दोन्ही प्रवाह रडल्स मिल्सजवळ मिळून साउथ लिकिंग नदी होते, म्हणजे दोघं एका दिवसाच्या वाटेवर, पण शेजारी नक्कीच नव्हेत. काही वर्षांच्या यादीत जमिनीची सनद मुळात कोणाच्या नावावर होती तेही लिहिलेलं असतं, त्यामुळे पुढच्या खरेदीदारापासून मागे जाता येतं.

मग स्टोनरवाला बर्बनच्या यादीतून एकदम नाहीसा होतो. तो कुठेच गेला नव्हता. बर्बन आणि फेएट काउंटीचे तुकडे काढून क्लार्क काउंटी झाली आणि त्याचं शेत तिच्या हद्दीत गेलं. नव्याने या शोधात पडलेल्यांना मी हेच सांगेन की माणूस हरवला तर आधी काउंटीची हद्द बघा. जुने कागद बहुतेकदा जुन्याच काउंटीच्या कचेरीत राहतात.

आता जमीन, आणि या हंगामातला माझा सगळा आनंद इथे आहे. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याप्रमाणे १ जानेवारी १७७८ पूर्वी जो केंटकीत वर्षभर राहिला किंवा ज्याने मक्याचं एक पीक काढलं, त्याला ४०० एकर वसाहतीचा हक्क, आणि लगतची १,००० एकरपर्यंत जमीन आधी विकत घेण्याचा हक्क. हे दावे ऐकायला १७७९-८० च्या भयंकर थंडीत कमिशनर एका गढीवरून दुसऱ्या गढीवर फिरत होते. त्यांच्या नोंदवहीत आमचा माणूस सापडला: १७७६ साली मका पेरलेला, ठिकाण स्टोनर्स फोर्क. त्यानंतरचे कागद क्रमाने वॉरंट (जमीन मोजून घेण्याचा परवाना), एंट्री (कोणती जमीन हवी त्याची नोंद), मोजणी आणि सनद. केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट, तिथल्या लँड ऑफिसच्या संग्रहातून मोजणीची प्रत मिळाली. चतुःसीमा झाडांवरून सांगितलेली आहे: अमुक एल्मपासून तमुक शुगर मेपलपर्यंत इतके पोल. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, ३२० पोलांचा एक मैल. आलेख कागदावर सगळ्या बाजू काढल्या, आणि ओढ्याचं वळण आजच्या नकाशावरच्या वळणाला जुळलं. त्या रात्री झोप लागली नाही.

त्याच कागदाच्या तळाशी मोजणीची साखळी धरणाऱ्यांची नावं आहेत. साखळी धरायला सहसा घरचे किंवा शेजारचेच लोक असत, आणि इथे एकाचं आडनाव घरच्या बायबलमध्ये मूळपुरुषाच्या बायकोच्या माहेरचं म्हणून लिहिलेलं आहे. हा पुरावा नव्हे, पण मेहुणा असावा असं मला मनापासून वाटतं. त्या घराण्याचे विवाहरोखे (लग्नाआधी लिहून दिलेले हमीचे कागद) आणि मृत्युपत्रं आता काढते आहे.

मोठी पोकळी उरली आहे ती १७८० नंतरच्या काही वर्षांची. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. जून १७८० मध्ये ब्रिटिश कॅप्टन हेन्री बर्ड तोफा घेऊन, मूलनिवासी योद्ध्यांच्या मोठ्या फौजेसह केंटकीत उतरला. लाकडी ओंडक्यांच्या गढ्या तोफेपुढे टिकणं शक्यच नव्हतं. रडल्स स्टेशन (स्टेशन म्हणजे अशी गढीची वस्ती) पडलं, पाठोपाठ स्टोनर क्रीकवरचं मार्टिन्स स्टेशन पडलं, आणि कैद्यांना पार डेट्रॉइटकडे चालवत नेलं. आमचा माणूस मार्टिन्समध्ये असेल तर त्याचं गायब होणं समजतं. क्वेबेकचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रेडरिक हॅल्डिमंड यांच्या दफ्तरात डेट्रॉइटचा पत्रव्यवहार आहे. आता त्याच्या मायक्रोफिल्म वाचायला घेतल्या आहेत.

करयादीतला आणखी एक रकाना टाळून चालणार नाही. गुलाम माणसांचा: सोळा वर्षांवरचे किती, एकूण किती. नुसता आकडा. आमच्या माणसासमोर तो आकडा आहे. मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत त्या माणसांची नावं असण्याची शक्यता असते, म्हणून क्लार्क काउंटीच्या त्या याद्या मी हॅल्डिमंडच्याही आधी पूर्ण करणार आहे. सापडेल ते प्रत्येक नाव स्वतंत्र नोंद म्हणून चढवायचं, त्यांच्या वंशजांना शोधता येईल असं. वंशवृक्षात मूळपुरुषाच्या नावापुढे कोणीतरी ‘इथला पहिला रहिवासी’ लिहिलं होतं, तेही काढलं. १७७५ च्या मार्चमध्ये सिकॅमोर शोल्सला रिचर्ड हेंडरसन या जमीन-व्यापाऱ्याने केंटकीतल्या जमिनीचा व्यवहार केला तो चेरोकी या मूलनिवासी लोकांशी. तिथे शिकार करणारे शॉनी लोक त्या व्यवहारात नव्हते.

याद्यांनंतर पेन्शनचे कागद. १८३२ च्या कायद्याखाली स्वातंत्र्ययुद्धातल्या म्हाताऱ्या सैनिकांनी कोर्टात शपथेवर आपली हकीकत सांगितली. आमचा माणूस तोवर जिवंत होता का हे करयादीवरून कळेल, आणि तो नसला तरी मेहुण्याचा अर्ज असू शकतो. बर्बन आणि क्लार्क, दोन्हीकडचे बघते.