१४ पानांची पीडीएफ

आज सकाळी आमच्या रक्तदात्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या पाच नव्या स्वयंसेवकांना शिकवायला बसलो. नागपुरात धरमपेठेतल्या मित्राची गच्ची, सोबत तर्री पोहे. मागच्या वर्षी मी १४ पानांची पीडीएफ पाठवली होती. सगळ्यांनी अंगठा दाखवला, वाचली कोणीच नाही.

यंदा जुने खरे मेसेज, नावं-नंबर झाकून, समोर ठेवले. 'मेयो हॉस्पिटलात अर्जंट बी निगेटिव्ह पाहिजे.' काय करायचं? कॉलेजातली एक पोरगी लगेच म्हणाली, "पाठवून टाकू ना दादा, उशीर कायले?"

तो मेसेज दोन वर्षांपूर्वीचा होता.

मग तिनंच सांगितलं: आधी नातेवाइकाला फोन, वॉर्ड कोणता, पिशव्या किती, रक्तपेढीचा मागणी फॉर्म आहे का. आणि रक्त मिळालं की ग्रुपवर 'झालं' लिहायचं. हे शेवटचं आम्ही जुनेच विसरतो, खरं सांगायचं तर.

नियम पाठ हवेतच: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, दोन रक्तदानांत पुरुषांना ९० आणि बायकांना १२० दिवसांचं अंतर. पण तावातावानं आलेल्या दात्याला 'अजून नाही' कसं म्हणायचं? त्याचं नाटकच केलं. चिडका दाता मी झालो. (बायको म्हणते, नाटक कुठे होतं त्यात!)

पुढचे पंधरा दिवस प्रत्येक नव्याची जोडी एका जुन्यासोबत.

आत्ताच त्या पोरीचा मेसेज आला: "दादा, एक फॉरवर्ड आला. फोन लावला, नंबर बंद येऊन राहिला. थांबवू का?"