बुरकुंडाचे चार पाइप, चार इंग्लिश मिश्रणं

पाइपच्या तंबाखूच्या इंग्लिश मिश्रणात व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि लाटाकिया ही मुख्य पानं. वरून फळाबिळांचे अर्क नाहीत. ऐवज जवळपास तोच, मग चवीत एवढा फरक कशाचा, हे तपासायला मी चार डबे समोर घेतले: अर्ली मॉर्निंग पाइप, माय मिक्श्चर ९६५, नाइटकॅप आणि स्क्वॉड्रन लीडर. पहिले तीन मूळचे लंडनच्या डनहिल या तंबाखूवाल्यांचे, आता पीटरसनच्या नावाने मिळतात. चौथा इंग्लंडमधल्या केंडालच्या सॅम्युअल गॅविथ कंपनीचा.

पहिली फेरी अख्खी बाद केली. चारही मिश्रणं ब्रायर या झुडपाच्या लाकडाच्या एकाच पाइपात ओढली होती आणि तंबाखू डब्यातून निघाली तशीच भरली होती. लाटाकियाचं पान धुरावर धरलेलं असतं. विझलेल्या शेकोटीसारखा तो वास ब्रायरच्या लाकडात मुरतो. मग नाइटकॅपनंतर भरलेली अर्ली मॉर्निंगसुद्धा नाइटकॅपच लागते. दुसऱ्या फेरीला मक्याच्या बुरकुंडाचे चार पाइप घेतले, प्रत्येक मिश्रणाला एक, दांडीवर चिठ्ठी चिकटवून. ब्रायरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

खरी मेख ओलाव्यात आहे. प्रत्येक वेळी २ ग्रॅम तंबाखू तोलून कोऱ्या कागदावर पसरली. चिमूट दाबून सोडली की पान सावकाश उलगडायला हवं. गोळा तसाच राहिला तर ओली, चुरा झाला तर जास्त सुकली. अर्ली मॉर्निंगला २५ मिनिटं पुरली, स्क्वॉड्रन लीडरला दीड तास लागला. पावसाळी हवेत याच्या दुप्पट धरा. ओली तंबाखू पेटवली की गरम वाफ तोंडात येते, जीभ पोळते आणि आळ लाटाकियावर जातो. तो बिचारा थंड जळतो. घाईने ओढल्यावर चावते ती साखरवाली व्हर्जिनिया.

भरताना तळाला सैल, मध्ये बोटाचा हलका दाब, वर थोडं घट्ट. न पेटवता ओढून पाहायचं: स्ट्रॉने पातळ ताक ओढावं इतकाच जोर लागला पाहिजे. पहिली काडी फक्त वरचा थर काळा करायला. काडीच्या टोकावरचा गूल पूर्ण जळेपर्यंत ती लांब धरायची, नाहीतर गंधकच चाखाल. पान फुगून वर येतं, ते टॅम्परने, म्हणजे तंबाखू बसवायच्या छोट्या दांडीने, नुसतं बसवायचं, दाबायचं नाही. मग दुसरी काडी. मध्येच विझला तर विझू द्या. न विझावा म्हणून भसाभस ओढलं की चव करपते.

क्रम हलक्याकडून जडाकडे, दिवसाला एकच पाइप, प्रत्येक मिश्रण तीनदा. अर्ली मॉर्निंगमध्ये ओरिएंटलचा आंबूस सुगंध पुढे आणि लाटाकिया दाराआड. ९६५ हा आकडा डनहिल गिऱ्हाइकांची मिश्रणं ज्या वहीत उतरवून ठेवत, त्या नोंदीचा. यात कॅव्हेंडिश, म्हणजे वाफवून दाबलेलं पान, असल्यामुळे धूर दाट आणि गुळगुळीत, पण अर्ध्यानंतर मला सपाट वाटतो. स्क्वॉड्रन लीडर नीट सुकवली तर चौघांत सगळ्यात तोलाची: वाळल्या गवताची गोडी आणि शेकोटी आळीपाळीने येतात. नाइटकॅपमध्ये पेरीक आहे, लुइझियानाच्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये पिंपात दाबून आंबवलेलं पान. धूर नाकातून सोडला की मिऱ्याचा ठसका लागतो. निकोटिनही इथेच जास्त लागतं. उपाशीपोटी ओढली तर गरगरतं, घाम फुटतो. पाइप खाली ठेवायचा आणि साखर तोंडात टाकायची.

पहिल्या फेरीत ९६५ आणि स्क्वॉड्रन लीडर यांच्यात मला जमीन-अस्मानाचा फरक लागला होता. दोन्ही सारख्या सुकवल्यावर त्यातला निम्मा गेला. तेवढं पाणी होतं.