इशाऱ्याची पातळी कोणी ठरवायची?

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनच्या हवामान खात्याने व्हॅलेन्सिया प्रांतासाठी लाल, म्हणजे सर्वोच्च इशारा सकाळी साडेसातच्या सुमारास जारी केला होता. लोकांच्या मोबाइलवर प्रशासनाचा धोक्याचा संदेश वाजला तो मात्र रात्री आठ वाजून गेल्यावर. तोवर अनेक वस्त्यांत पाणी शिरले होते आणि तळघरातील गाड्या बाहेर काढायला उतरलेले कित्येक जण तिथेच अडकले होते. त्या पुरात दोनशे वीसहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी हवामानशास्त्र कमी पडले असे म्हणता येणार नाही. सकाळचा इशारा आणि रात्रीचा संदेश यांच्यामधल्या बारा तासांत जे घडायला हवे होते आणि घडले नाही, तोच माझ्या मते अंदाजाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

गेल्या काही दशकांत अंदाजाची अचूकता साधारण दर दहा वर्षांमागे एका दिवसाने वाढत आली आहे. पूर्वी तीन दिवस आधी जेवढ्या खात्रीने सांगता येत असे, तेवढ्याच खात्रीने आज कितीतरी आधी सांगता येते. त्यामुळे आणखी मोठा संगणक घेतला आणि अंदाज ज्या चौकोनांसाठी काढला जातो ते नकाशावरचे चौकोन आणखी बारीक केले की प्रश्न सुटेल, असा समज सर्वत्र दिसतो. मला तो अर्धाच खरा वाटतो. आकडा कितीही अचूक असला, तरी कोणत्या आकड्याला कोणी घाबरायचे हे संगणक सांगत नाही.

पावसाचेच पाहा. भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस ‘मुसळधार’ ठरतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणून ६५ मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर साडेसहा लाख लिटर पाणी पडते. हे पाणी दिवसभरात संथपणे पडले, तर मोकळी जमीन त्यातले बरेचसे जिरवून घेते. तेच काँक्रीटने मढवलेल्या वस्तीत तासाभरात पडले, तर भुयारी मार्ग भरून जातो. वर्गवारीत दोन्ही घटना एकाच नावाच्या. जागतिक हवामान संघटनेने २०१५ मध्ये परिणामाधारित अंदाजासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच अडचणीमुळे. ‘हवा कशी असेल’ याबरोबरच ‘हवेमुळे काय होईल’ हेही सांगावे, असा त्यांचा रोख आहे. पण काय होईल हे ठरवायला जी माहिती लागते, ती वेधशाळेत नसते. कोणता रस्ता आधी बुडतो, पाणी उपसणारे पंप कधी हार मानतात, कोणत्या गल्लीत रुग्णवाहिका वळत नाही, हे तिथे राहणाऱ्यांना आणि तिथे काम करणाऱ्यांनाच ठाऊक असते.

उष्णतेच्या बाबतीत अहमदाबादचे उदाहरण मला नेहमी महत्त्वाचे वाटते. मे २०१० मधील लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू झाले, आणि २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला. त्यातल्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल इशाऱ्याच्या पातळ्या ठरवताना शहराच्या स्वतःच्या मृत्यूनोंदी तापमानाशी ताडून पाहिल्या गेल्या. दुसऱ्या शहराने त्याच पातळ्या जशाच्या तशा उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखे आहे. दमट किनाऱ्यावर त्याहून कमी तापमानही जीवघेणे ठरते, आणि रात्रीचा पारा उतरत नसेल तर केवळ दिवसाच्या कमाल तापमानावर बेतलेला इशारा अपुरा पडतो.

हवामानबदलामुळे या कामाला एक वेगळीच गुंतागुंत आली आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थोड्या वेळात कोसळणारा पाऊस अधिक जोरदार होतो. अशा वेळी स्थानिक अनुभवाचे काय करायचे? त्याला सरसकट डोक्यावर घेणारे आणि सरसकट मोडीत काढणारे, दोघेही मला घाई करत असल्यासारखे वाटतात. या अनुभवाचे दोन भाग वेगळे करायला हवेत. पाणी कुठून येते, कुठे तुंबते, कोणती वाट शेवटपर्यंत उघडी राहते, हे ज्ञान बांधकामे बदलली नाहीत तर आजही खरे आहे. पाणी कधी येते आणि कुठवर चढते, याबद्दलचा अनुभव मात्र जुन्या हवामानातला आहे. ‘इथवर पाणी कधीच आले नाही’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे. पहिल्या भागासाठी वेधशाळेने वस्तीचे ऐकावे, दुसऱ्यासाठी वस्तीने वेधशाळेचे.

मोजणीतही वस्तीचा वाटा असू शकतो. २८ जुलै १९९७ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहरात अचानक पूर आला. शहराच्या एका टोकाला प्रचंड पाऊस झाला होता, तर काही किलोमीटरवर त्याच्या तुलनेत अगदी थोडा. पुढच्याच वर्षी तिथे नागरिकांनी घराच्या अंगणात पाऊस मोजण्याचा उपक्रम सुरू झाला. चार इंच व्यासाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक, रोज सकाळी ठरावीक वेळी नोंद, आणि पाऊस पडला नसेल तर शून्याचीही नोंद. ही शून्याची नोंद फार मोलाची आहे, कारण रिकामी जागा पाहून पाऊस पडला नाही की मोजला गेला नाही हे कळत नाही.

इशारा माणसांकरवी पोहोचवण्याचा सर्वांत मोठा धडा बांगलादेशाने घालून दिला. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे मेली. त्यानंतर १९७२ मध्ये स्वयंसेवकांचा चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा राहिला. निशाणे, भोंगे आणि घरोघर फिरणारी ओळखीची माणसे हे त्याचे साधन. तरीही १९९१ च्या वादळात सुमारे एक लाख चाळीस हजार बळी गेले आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा खूप जास्त होते. मुले, घर आणि जनावरे सोडून निघणे, गर्दीच्या निवाऱ्यात परक्या पुरुषांमध्ये रात्र काढणे, यांचा विचार आधी झालाच नव्हता. पुढे स्त्री स्वयंसेवकांची संख्या वाढवली गेली. २००७ च्या सिद्र वादळात मृतांचा आकडा काही हजारांत राहिला.

आणि एक प्रश्न पैशाचा. साठ टक्के शक्यतेचा इशारा ऐकून मासेमाराने होडी किनाऱ्यालाच ठेवली आणि वादळ दुसरीकडे वळले, तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते; हे दोन-तीनदा घडले की पुढच्या इशाऱ्याला तो समुद्रात असतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात जमुना नदीच्या पुराचा अंदाज ठरलेल्या पातळीला पोहोचताच, पाण्याने उच्चांक गाठण्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून सुमारे बावन्न लाख डॉलर मोकळे करण्यात आले. असे पैसे अंदाज चुकला तरी परत मागायचे नाहीत आणि ती रक्कम अंदाजाच्या खर्चातच धरायची, अशा मताचा मी आहे.