तिसऱ्या ओळीतला सा

मंगळवार, रात्री

एका गाण्यातले पियानोचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, कानाने शोधतेय. आज पुन्हा तिथेच अडले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी गायिका षड्जावर येऊन थांबते, चार मात्रा तो सूर लांबवते, आणि तिच्या खाली पियानोत काहीतरी होतं. काय होतं, ते अकरा दिवस झाले तरी मला सापडत नाहीये. बाकीचं गाणं बसलंय. म्हणजे बसलंय असं मला वाटतंय.

गाणं मूळ काळी दोनमध्ये आहे, म्हणजे दुसरी काळी पट्टी त्याचा सा. माझ्या कीबोर्डवर ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवायचं बटण आहे, ते तीनवर ठेवलं की पांढरी एकला सा मानून त्या रेकॉर्डिंगबरोबर वाजवता येतं. आधी या बटणाची मला लाज वाटायची, लपूनछपून दाबायचे. मग कुठेतरी वाचलं की अर्व्हिंग बर्लिन, एवढा मोठा गीतकार-संगीतकार, बहुतेक काळ्या पट्ट्यांवरच वाजवायचा, आणि दुसऱ्या सुरातून ऐकायचं असेल तर खटका सरकवायचा. त्याच्यासाठी पियानोच तसा होता. तेव्हापासून बटण उजळ माथ्याने दाबते.

चाल काढणं मला कधीच जड गेलं नाही. एका बोटाने कुठलीही चाल निघते, लहानपणापासून. पण गेल्या आठ महिन्यांत कळलं की चाल ऐकणारा कान आणि कॉर्ड ऐकणारा कान एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. चालीत सूर एकामागून एक येतात, प्रत्येकाला तोंड असतं. कॉर्डमध्ये तिघं एकदम दारातून घुसतात.

बुधवार

वाजवलं नाही. कंटाळा.

गुरुवार, पहाटे

झोप गेली, म्हणून हेडफोन लावून बसले. तो सा धरून ठेवला आणि खाली एकेक कॉर्ड लावून पाहिला. उमेदवार तीनच आहेत, हे निदान आता कळतं. आठ महिन्यांपूर्वी मी चाचपडत बारा पट्ट्यांवर बोटं टाकायचे, लॉटरीचं तिकीट काढल्यासारखी.

तीनच का, ते मला कुणी सांगितलं नाही, खेळता खेळता दिसलं. एक सोडून एक अशा तीन पांढऱ्या पट्ट्या दाबायच्या: सा ग प. बोटांची तीच ठेवण पांढऱ्यांवरूनच उजवीकडे सरकवत न्यायची: रे म ध, ग प नी, असं. सात कॉर्ड मिळतात. डोळ्यांना सगळ्यांतलं अंतर सारखं दिसतं, पण काळ्या पट्ट्या धरून पावलं मोजली की गंमत कळते. पहिला, चौथा आणि पाचवा यांत आधी चार पावलं, मग तीन. दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्यात उलटं, आधी तीन, मग चार. सातव्यात दोन्ही वेळा तीनच, त्यामुळे तो बिचारा कायम अवघडलेला. चार-तीन म्हणजे कॉर्डच्या तळापासून मधला सूर शुद्ध गंधार, तीन-चार म्हणजे कोमल. मेजर-मायनर या दोन शब्दांना मी उगाच घाबरून होते. सगळं भांडण त्या एका मधल्या सुराचं.

आणि कुठलाही एक सूर घेतला तर तो कॉर्डच्या तळाला असेल, मध्ये असेल, नाहीतर माथ्यावर. म्हणून तीन उमेदवार. सा तळाला: सा ग प. मध्ये: ध सा ग. माथ्यावर: म ध सा. गाणाऱ्याने जो सूर धरलाय त्याची ही तीन घरं. बहुतेक वेळा पियानोवाला त्यातल्याच एका घरात असतो.

तिन्ही लावले. सा ग प लावला तर गाणं तिथेच संपल्यासारखं वाटतं, आणि ते तर संपत नाही. ध सा ग फार गंभीर होतो. म ध सा जवळ येतो. इतका जवळ, की दोन मात्रा मी खूश असते, आणि मग पुन्हा काहीतरी बिनसतं.

जाता जाता: मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी, हे सगळे सांगतात. कानाने कॉर्ड शोधताना मला त्याचा काडीइतका उपयोग झालेला नाही. चांगली उड्या मारणारी गाणी असतात, त्यांत मायनर कॉर्ड येतात-जातात, कुणी रडत नाही. मी दुसरंच विचारते: हा कॉर्ड बसलाय की निघालाय? पाचवा कॉर्ड, प नी रे, त्यात वर म घाला. बसणारच नाही तो. नीला वरच्या साकडे जायचंय, मध्यमाला खाली गकडे, दोघांचंही घर अर्ध्याच सुरावर. अशा वेळी पुढचा कॉर्ड ओळखायला कान तयार असावा लागत नाही, तो आपसूक येतो.

शनिवार

भाची आली होती. ती रीतसर शिकते, परीक्षा देते, कागदावरच्या ठिपक्यांकडे बघून वाजवते. मला ते वाचता येत नाही. जॅझ पियानोवादक एरल गार्नरलाही येत नव्हतं, असं मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "मावशी, तो लहानपणापासून रोज वाजवत होता. तू आठ महिने, त्यातही बुधवार सोडून." माझी वही वाचते वाटतं.

मी तिला ती जागा फोनवर लावून दाखवली. तिने दोन सेकंद ऐकलं आणि विचारलं, "तू हे असं ऐकतेस? फोनच्या स्पीकरवर?" हो म्हटलं. शोधायच्या वेळी फोन, वाजवायच्या वेळी हेडफोन कीबोर्डला, अशी माझी पद्धत. तिने हेडफोन काढून फोनला लावले आणि माझ्या डोक्यावर चढवले.

खालचे सूर! फोनच्या त्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज येतच नव्हता. सेकंदाला शंभरेक कंपनांचा सूर तो काय वाजवणार! म्हणजे आठ महिने मी घराचा वरचा मजला बघून पायाचा अंदाज बांधत होते.

भाचीने एकच काम दिलं. चाल ऐकायची नाही, शब्द ऐकायचे नाहीत, सर्वांत खालचा सूर शोधून तो गुणगुणायचा. माझा गळा तिथपर्यंत उतरत नाही, पण एक सप्तक वर गायलं तरी चालतं. पहिल्या तीन प्रयत्नांत मी नकळत पुन्हा गायिकेबरोबरच गायला लागले, इतकी सवय. चौथ्या वेळी खर्ज हाताला लागला आणि सबंध गाणं अंगठ्याएवढं झालं: सा, सा, ध, म, प, सा. तिसऱ्या ओळीच्या शेवटी खाली म आहे. चारही मात्रा म. हलत नाही.

म्हणजे म ध सा बरोबरच होता. मग बिनसतं काय?

मी ऐटीत डाव्या हाताने अगदी खाली म ध सा दाबला, तर नुसता चिखल. तीन सूर बरोबर, आवाज मात्र गढूळ. भाची म्हणाली, "खाली एवढे जवळजवळ सूर घेऊ नकोस. खाली फक्त म ठेव, बाकीचे दोघं वर ने." नेले. स्वच्छ. खालच्या सुरांना आपापली माणसं वरही असतात, त्यांची आपसात धक्काबुक्की होते, असं काहीसं ती म्हणाली आणि गेली. पूर्ण कळलं नव्हतं.

रविवार

मैत्रिणीकडे खरा पियानो आहे, तारांचा, उभा. भाचीचं ते वाक्य डोक्यात होतं म्हणून एक प्रयोग केला. मधल्या सप्तकातले सा ग प इतके हळू दाबायचे की हातोडी तारेला लागू नये, आणि तसेच धरून ठेवायचे. धरल्यामुळे त्या तारांवरची गादी उचललेली राहते, तारा मोकळ्या. मग दोन सप्तकं खालचा सा एकदाच खणकन वाजवून सोडून द्यायचा.

तो खालचा सा थांबला, आणि वर कुणीही न वाजवलेला सा ग प ऐकू येत राहिला. बारीक, पण स्पष्ट.

मी पाच-सहा वेळा केलं. मैत्रिणीने वर्तमानपत्र खाली ठेवलं. खालच्या एका सुराच्या पोटात हे सगळे असतात: कंपनं दुप्पट झाली की वरचा सा, तिप्पट झाली की प, चौपटीला पुन्हा सा, पाचपटीला ग, सहापटीला प. तंबोरा चांगला लागला की कुणी न छेडलेला गंधार बोलतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो हाच. तंबोऱ्याशेजारी आयुष्यात किती वेळा बसले असेन, आणि कॉर्ड ही आपल्या कानाला परकी गोष्ट आहे असं धरून चालले होते.

(पियानोच्या पट्टीवरचा ग या आतल्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या भागाइतका. बारा पट्ट्या समान अंतरावर लावायच्या तर तेवढी तडजोड करावी लागते. ऐकून माहीत होतं, आज दोन्ही पाठोपाठ ऐकल्यावर खरं वाटलं. की वाटून घेतलं?)

चिखलाचंही उलगडलं. खाली तिघांना एकत्र कोंबलं की त्या प्रत्येकाच्या पोटातलं गोतावळंही एकदम बोलायला लागतं.

तिसऱ्या ओळीचं मात्र काही नाही.

मंगळवार, दुपारी

सापडला!

आणि सापडला तेव्हा मी कीबोर्डपाशी नव्हते. धुतलेले कपडे घड्या घालत होते, गाणं डोक्यात चालू होतं, आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी माझ्या तोंडून चाल आली नाही, खर्जही आला नाही. मधलंच काहीतरी आलं. तीन सूर, खाली उतरणारे, अगदी चिकटून चिकटून. उशीचा अभ्रा हातात तसाच धरून मी ते गुणगुणत कीबोर्डपर्यंत गेले. मध्ये कुणी हाक मारू नये म्हणून जीव मुठीत.

ध. मग ध आणि प यांच्या मधला. मग प.

मधला म्हणजे काळी चार. कोमल धैवत.

चार मात्रांत एक कॉर्ड आहे असं मी धरून चालले होते. दोन आहेत. पहिल्या दोन मात्रा म ध सा, पुढच्या दोन म, कोमल ध, सा, आणि मग सा ग प वर घरी. खाली म तसाच, वर गाणारीचा सा तसाच, म्हणून चाल ऐकली तरी कळेना आणि खर्ज ऐकला तरी कळेना. दोन्ही टोकं स्थिर. हलत होता तो मधला. धवरून कोमल धवर, तिथून पवर. म्हणूनच म्हणत होते की दोन मात्रा खूश असते आणि मग बिनसतं. कान पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होता, मीच त्याला एका कॉर्डचं उत्तर मागत बसले होते.

आणि ती तीन घरं? ती तीनच, कारण मी पांढऱ्यांवरून खाली उतरायला तयार नव्हते. गाणं पांढऱ्यांवर बसवलं म्हणून त्यातला प्रत्येक कॉर्ड पांढराच असणार, असा नियम कुणी केला होता? मीच. आणि म्हणे मला थिअरी येत नाही. येत होती की, चुकीची.

वीस वेळा वाजवला. मग मोजणं सोडलं. अभ्रा कीबोर्डच्या स्टँडवर लटकतोय अजून.

शुक्रवार

भाचीला फोनवर वाजवून दाखवलं. ती लगेच म्हणाली, "अगं, याला नाव आहे." मी म्हटलं, "आत्ता नको सांगूस." तिला हसू आलं, पण थांबली. मग राहवेना म्हणून मीच विचारलं. तिने इंग्रजी नाव सांगितलं, मला समजलं ते एवढंच: शेजारच्या मायनर सप्तकातून उसना आणलेला कॉर्ड. सा तोच, पण त्या घरातला ध कोमल, आणि तोच थोडा वेळ मागून आणायचा. उसना हा शब्द आवडला. दोन मात्रांपुरता उसना, आणि तिसऱ्या मात्रेला परत.

नावाचा एक तोटा आज लगेच जाणवला. संध्याकाळी दुसरं एक जुनं गाणं लावलं, तर जिथे-तिथे मला तो उसना कॉर्डच ऐकू यायला लागला. नव्हता. दोन ठिकाणी तर साधा ध सा ग होता. वाजवून पाहिल्यावर समजलं, तोवर मनाने वहीत लिहूनसुद्धा टाकलं होतं.

ट्रान्सपोजचं बटण शून्यावर आणून मूळ काळी दोनमधून तेवढी एक जागा वाजवून पाहिली. पावलं तीच: आधी चार-तीन, मग तीन-चार, मधलं बोट एक घर डावीकडे. हाताला पार अनोळखी वाटलं, बोटं कुठे ठेवायची ते बघावं लागलं, पण कानाला तीच जागा. दहा मिनिटं लागली. बाकीचं गाणं तिथून वाजवायचं म्हटलं तर पावसाळा जाईल.

झोपण्यापूर्वी हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐकलं. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, जिथे मी इतके दिवस बिनधास्त सा ग प वाजवतेय, तिथे खाली सा नाहीये. ग असावा. बाकीचे दोघं तेच वाटतात, नुसतं तळाला दुसरंच कुणी बसलंय. उद्या बघते.