दुसऱ्यांदा जळलेली केबल

अण्णांनी व्हॅन दुकानासमोर लावली, पिशवीतून क्लचची केबल काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "मिस्त्री, हे तुमचं काम नव्हे, ठाऊक आहे मला. पण पाच महिन्यांत ही दुसरी. आतलं प्लास्टिक कसं वितळलंय बघा."

मी ती केबल न बघताच बाजूला सारली. तक्रार हेडलाइटची होती, आणि त्या तक्रारीत मी आधीच एकदा चुकलो होतो.

चिपळूणला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. अण्णा गुहागरकडची मासळी भरून पहाटे तीनला निघतात, कुंभार्ली घाट चढून पाटण, कऱ्हाडला पोचवतात. पावसाळ्यात त्या घाटात धुकं असं उतरतं की कडेचा पांढरा पट्टा दिसला तर दिसला. तिथे त्यांची लाइट पिवळी पडायची. वायपर आणि ब्लोअर लावला की आणखी मंद.

महिन्यापूर्वी ते आले तेव्हा मी इंजिन चालू ठेवून, लाइट लावून बॅटरीवर मीटर धरला होता. 12.2 व्होल्ट. चालू इंजिनावर तिथे पावणेचौदा ते साडेचौदाच्या आसपास दिसायला हवेत. म्हणजे डायनामो चार्जिंग देत नाही, असं मी ठरवून टाकलं. (अल्टरनेटरला आमच्याकडे सगळे डायनामोच म्हणतात.) तो उतरवला, कार्बन बदलले, कटआउट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) नवीन टाकला. बेंचवर 14 च्या वर दाखवत होता. गाडीत बसवल्यावर बॅटरीवर पुन्हा 12.3. संध्याकाळ झाली होती, अण्णांना रात्री निघायचं होतं. बॅटरी जुनी आहे, तीच ओढत असेल, असं म्हणून मी नवी बॅटरी दिली.

नवी बॅटरी पूर्ण भरलेली होती, त्यामुळे चार-पाच दिवस लाइट छान पडली. मग एका पहाटे घाटात, भर पावसात, गाडी बंद पडून अण्णा उभे राहिले. उजाडेपर्यंत. मागे बर्फात मासळी, पुढे वळण, आणि पार्किंग लाइट लावण्याइतकीही बॅटरी उरलेली नाही. मागून एखादा ट्रक आला असता तर? हा विचार मला अजून झोपू देत नाही.

मधल्या काळात कोणीतरी त्यांना 100/90 वॅटचे बल्ब टाकून दिले होते. उजेड कमी म्हणून मोठा बल्ब, हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. मूळ बल्ब 60/55 वॅटचा, डीपरवर एक बल्ब साधारण साडेचार अँपिअर खातो. मोठा बल्ब जास्त करंट मागतो, म्हणजे जिथे आधीच अडतंय तिथे आणखी अडणार. अण्णांच्या गाडीचे होल्डर भाजून तपकिरी झाले होते. आणि व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड दहा टक्क्यांनी नाही, जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. घाटात ते तीस टक्के म्हणजे वळण दिसणं आणि न दिसणं.

मी बॉनेट, सीट सगळं उघडून बसलो होतो, तेव्हा अण्णा सहज बोलले, "आणि एक गंमत, क्लच दाबला की लाइट हलते. दुसरीकडे सांगितलं तर हसले."

क्लचचा लाइटशी काय संबंध? मग नजर टेबलावरच्या केबलीकडे गेली. वितळलेली. दुसऱ्यांदा.

मी पोऱ्याला म्हटलं, नव्या केबलीवर हात ठेव. अण्णांना सेल्फ मारायला सांगितलं. तिसऱ्या वेळी पोऱ्याने हात झटकन काढला. "चटका बसला!"

मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरली. दोन्ही मायनसच आहेत, फरक जवळपास शून्य यायला हवा. सेल्फ मारताना साडेतीन व्होल्ट आले. इंजिन चालू, लाइट आणि ब्लोअर लावून 1.9. मग डायनामोच्या स्वतःच्या प्लसवर आणि त्याच्याच बॉडीवर मोजलं तर 14.1. त्यातून 1.9 वजा करा, बॅटरीवरचे 12.2 उरतात. डायनामो पहिल्या दिवसापासून चांगला होता.

करंट प्लसने जातो तसा त्याला परतही यावं लागतं. या व्हॅनमध्ये बॅटरीचा मायनस बॉडीला, आणि बॉडी ते इंजिन तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि डायनामो दोघेही परतीला त्या पट्टीवर अवलंबून. ती गेली की करंट दुसरी वाट शोधतो. क्लचच्या केबलीचं एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं पेडलजवळ बॉडीला. सेल्फचा शंभरेक अँपिअर करंट त्या बारीक पोलादी तारेतून जात होता. क्लच दाबला की केबल ताणली जायची, टेकणं बदलायचं, आणि लाइट हलायची.

गेल्या वेळी मी ती पट्टी तपासली नव्हती असं नाही. कंटिन्युइटीवर, म्हणजे तार जोडलेली आहे का एवढंच बघायला, लावली होती, मीटर बीप वाजला होता. पण बीप मीटरच्या इवल्याशा करंटवर वाजतो, त्याला एक तार शाबूत असली तरी पुरते. लोड टाकून मोजायला हवं होतं, आणि घाईत मी ते केलं नाही.

पट्टी सोडवली. बाहेरून नीट, वर काळी नळी. नळी चिरली तर आत हिरवी भुकटी, आणि धड तारा मोजून सहा-सात. थिंबलखाली (पट्टीच्या टोकाला नटात बसणारी धातूची कडी) वाळलेला गाळ होता. मी अण्णांकडे बघितलं. "पुरात होती का गाडी?"

"होती ना. बाजारपेठेत. सीटपर्यंत पाणी."

22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तो दिवस चिपळूणकराला वेगळा सांगावा लागत नाही. नंतर प्रत्येकाने इंजिन ऑइल बदललं, सीट वाळवल्या, सेल्फ उघडला. अर्थचे, म्हणजे या मायनसच्या पट्टीचे, नट कोणी खोलले? त्यात अण्णांच्या गाडीत रोज बर्फाचं खारट पाणी खाली झिरपणार.

25 चौरस मिलिमीटरची केबल घेतली, थिंबल दाबून बसवले, बॉडीचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, नट आवळून वर व्हॅसलिन. शिवाय इंजिनापासून थेट बॅटरीच्या मायनसला एक जादा वायर. होल्डर बदलले, बल्ब परत 60/55 चे.

पुन्हा मोजलं. इंजिन ते मायनस, पूर्ण लोडवर, 0.06. बॅटरीवर 14 व्होल्ट. समोरच्या भिंतीवर पांढरी लाइट पडली. अण्णांनी मात्र आधी वाकून क्लचच्या केबलीला हात लावला.

डायनामोचे पैसे मी त्यांना परत केले. ते नको म्हणत होते, मी खिशात कोंबले.

त्या आठवड्यात वही काढली आणि पुरातून निघालेल्या, माझ्याकडे येणाऱ्या चार गाड्यांच्या मालकांना फोन लावले. तक्रार कोणाचीच नव्हती. तरी बोलावल्या. दोघांच्या पट्ट्या सोडवल्या तेव्हा बोटांना तीच हिरवी भुकटी लागली.