सहा हजार प्रतिमा, अठ्ठावीस कोअर

रात्रभर नुसते बसून राहणारे आठ संगणक मी एचटीकॉन्डॉर हे अनेक संगणकांवर कामं वाटणारं सॉफ्टवेअर वापरून एकाच कामाला जुंपले. सगळ्यांवर लिनक्स, प्रत्येकात ४ कोअर (एका वेळी एकेक काम करणारे प्रोसेसरचे भाग), ८ जीबी मेमरी. काम होतं ६,००० प्रतिमांवर एकच प्रक्रिया चालवण्याचं. एका प्रतिमेला दुसरीच्या निकालाची गरज नाही, म्हणूनच हे काम वाटून देता येतं. जिथे प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते, तिथे आठशे संगणक जोडले तरी काही उपयोग नाही.

एक संगणक मध्यवर्ती व्यवस्थापक केला. कामं रांगेत लावणं आणि मोकळ्या कोअरशी त्यांची जुळणी करणं एवढंच त्याच्याकडे. राबायला उरले सात, म्हणजे २८ कोअर. संगणकांना एकमेकांची ओळख पटावी म्हणून एचटीकॉन्डॉरचा पासवर्ड सगळीकडे एकच ठेवला.

जोडलेले संगणक दाखवणाऱ्या कॉन्डॉर-स्टेटस या आज्ञेच्या यादीत सातही दिसले, पण दोघांवर एकही काम सुरू होईना. त्यांच्या फायरवॉलमध्ये ९६१८ हा पोर्ट, म्हणजे एचटीकॉन्डॉरचे निरोप आत येण्याचं दार, बंद होता. ‘मी मोकळा आहे’ हा निरोप बाहेर जात होता, काम मात्र आत येत नव्हतं. यादीत नाव दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये.

सामायिक डिस्क नसल्याने फाइल पाठवण्याचा पर्याय सबमिट फाइलमध्ये (कामाचं वर्णन लिहिलेली फाइल) चालू ठेवायचा. शिवाय प्रत्येक आउटपुटच्या नावात कामाचा क्रमांक घालायचा. नाहीतर सगळी कामं एकाच नावाची फाइल परत पाठवतात आणि शेवटी आलेली तेवढी उरते.

खरा वेळ गेला तो कामाचे तुकडे पाडण्यात. एका प्रतिमेला ४ सेकंद लागत. एका कामाला एकच प्रतिमा दिली, तर ने-आण आणि सुरुवात यातच तेवढा वेळ जाई. मग १०० प्रतिमांचा एक तुकडा केला. ६० कामं झाली, पण २८ कोअरवर ती २८, २८ आणि ४ अशी बसली. तिसऱ्या फेरीत २४ कोअर हातावर हात ठेवून! ७२ प्रतिमांचा तुकडा केल्यावर बरोबर ८४ कामं झाली. तीन पूर्ण फेऱ्या, प्रत्येक फेरी पाचेक मिनिटांची.

तरीही एका वेळी २१ कामंच चालत होती. रांग दाखवणाऱ्या कॉन्डॉर-क्यू या आज्ञेला ‘बेटर-अॅनालाइझ’ जोडून काम का अडलंय ते विचारलं, तेव्हा मेमरी कमी पडतेय हे कळलं. मी कामागे २०४८ एमबी मागितले होते. चार कामांचे ८१९२ झाले, आणि ८ जीबीच्या यंत्रात लिनक्सला प्रत्यक्षात त्याहून कमी मेमरी दिसते. त्यामुळे चौथा कोअर रिकामा. मागणी १७९२ वर आणली. हा आकडा १२८ च्या पटीतला हवा, कारण एचटीकॉन्डॉर मागणी वरच्या पटीत नेऊन ठेवतो. १८०० लिहिले तर १९२० धरले जातात.

दिवसा हे संगणक लोक वापरत असतील, तर एचटीकॉन्डॉरचं डेस्कटॉप धोरण लावा. कळफलकाला कोणी हात लावला की काम थांबतं, बराच वेळ संगणक मोकळा झाला नाही तर हुसकावलं जातं आणि दुसरीकडे पहिल्यापासून सुरू होतं. पाच मिनिटांच्या तुकड्यात फार तर पाच मिनिटांची मेहनत वाया जाते.