लंगरला जायचंय, पण परवाना कुठंय?

ताजिकिस्तानचा ई-व्हिसा हातात आला की आम्ही ट्रॅव्हलवाले आधी नाव बघत नाही, तारीखही नाही. आधी शोधतो ती ‘जीबीएओ’ ही अक्षरं. गोर्नो-बदख्शान स्वायत्त प्रांत, म्हणजे देशाचा पूर्वेकडचा जवळपास निम्मा भाग. व्हिसा बाकी कितीही चोख असला तरी ही अक्षरं नसतील तर प्रांताच्या तोंडाशी असलेल्या चेकपोस्टवरून गाडी परत फिरते. व्हिसाच्याच अर्जात त्यासाठी एक चौकोन असतो. टिक करायची आणि 20 डॉलर जास्त भरायचे, एवढंच काम.

2025 च्या सप्टेंबरात ठाण्याच्या आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात आलेल्या चौघांपैकी दोघांच्या व्हिसावर ती अक्षरं नव्हती. पाचपाखाडीच्या काका-काकूंचे अर्ज आम्ही भरले होते, ते चोख होते. त्यांच्यासोबत निघालेल्या ऐरोलीच्या जोडप्याचे अर्ज भाच्याने घरीच भरले होते. “अहो, तो म्हणाला हे ऑप्शनल आहे, उगाच पैसे कशाला?” ऐरोलीच्या काकू म्हणाल्या. अर्जात ते ऑप्शनलच असतं, खोटं नाही. राजधानी दुशान्बे बघून परत येणाऱ्याला त्याची गरज नसते. पण यांना जायचं होतं लंगरला, अफगाण सीमेवरच्या वाखान खोऱ्यातल्या गावाला.

तो बुधवार होता, 3 तारीख. विमान रविवारी 7 ला, दुबईमार्गे. भरलेल्या ई-व्हिसात मागाहून परवाना घालता येत नाही. नवा अर्ज, पुन्हा पूर्ण फी, आणि मधे कामाचे दिवस उरले दोन. नवा अर्ज वेळेत आला नाही तर? म्हणून तो नाद सोडला. परवाना दुशान्बेत स्वतंत्र काढता येतो, तिथला आमचा ऑपरेटर पासपोर्ट घेऊन रांगेला माणूस उभा करतो. मात्र सोमवारी पहाटे विमान उतरणार आणि मंगळवारी 9 सप्टेंबर, ताजिकिस्तानचा स्वातंत्र्यदिन. सरकारी कचेऱ्या बंद, राजधानीत संचलन, अर्धे रस्ते अडवलेले. सोमवारी अर्ज, मंगळवारी सुट्टी, म्हणजे परवाना बुधवारी मिळेल असं धरून सगळा कार्यक्रम त्याच दुपारी पुन्हा बांधायला घेतला.

मूळ कार्यक्रम सगळ्यांना हवा असतो तसा गोल होता: दुशान्बे, प्रांताची राजधानी खोरोग, इश्काशिम, लंगर, मग पामीर नदीच्या काठाने वर खारगुश खिंड ओलांडून अलिचूर, मुर्गाब, आणि पामीर हायवेने परत खोरोग. नकाशावर फार देखणा दिसतो. पण अशा प्रवासात दिवसाच्या किलोमीटरपेक्षा रात्रीची उंची आधी मांडायची असते. खोरोग साधारण 2,100 मीटर, इश्काशिम 2,500 च्या आसपास, लंगर 2,800 च्या थोडं वर. इथवर चढ सोसवेल असा आहे. त्यापुढे मात्र खारगुश 4,300 मीटरच्या वर आणि पलीकडचं अलिचूर 3,900 च्या घरात. म्हणजे एका रात्रीत झोपायची उंची हजार मीटरने वाढली. 3,000 मीटरच्या वर आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त वर झोपायला जाऊ नये, हा साधा नियम तिथे पाळताच येत नाही, कारण मधे मुक्काम करावा असं गावच नाही. पाचपाखाडीचे काका 67 वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. विरळ हवेच्या त्रासावर देतात त्या डायमॉक्सने भागेल का, असं त्यांनी विचारलं. ती सल्फा गटाशी संबंधित गोळी, शिवाय लघवी वाढवणारी. रक्तदाबाच्या औषधातही कधीकधी तसाच घटक असतो. हे ठरवायचं डॉक्टरांनी, ट्रॅव्हलवाल्याने नव्हे.

तेव्हा दोन दिवस गेल्याचं आम्हाला फारसं वाईट वाटलं नाही. वरचा गोल काढून टाकला आणि लंगरला जाऊन त्याच वाटेने परत, असं ठेवलं. “आलोच आहोत तर सगळं बघू” हा हट्ट आपल्याकडे जबरदस्त असतो. त्यापायी माणसं मुर्गाबच्या खोलीत डोकं धरून रात्र काढतात आणि सकाळी खाली उतरायची घाई करतात.

नवा हिशेब असा झाला. सोमवारी आराम आणि पुरावस्तू संग्रहालय, तिथे अजिना-तेपाच्या जुन्या बौद्ध मठात सापडलेला जवळजवळ 13 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. मंगळवारी हिसारचा किल्ला. बुधवारी परवाना हातात पडेल तेव्हा निघायचं, पण मुक्काम कुलोबलाच. पुढचं कलाईखुम्ब त्या दिवशी गाठायचं नाही, कारण कुलोबनंतर रस्ता पांज नदीला चिकटतो, नदीपलीकडे अफगाणिस्तान, आणि त्या रस्त्यावर अंधारात गाडी चालवायची नाही ही आमची अट. गुरुवारी कलाईखुम्ब, शुक्रवारी खोरोग. हा टप्पा जेमतेम 240 किलोमीटरचा, पण चिनी कंपन्यांचं रस्त्याचं काम चालू असल्याने वाहतूक तासन्‌तास अडवत होते, म्हणून पूर्ण दिवस दिला. शनिवारी लंगर, रविवार तिथेच, आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा. दरड कोसळली तर तो दिवस कामाला येतो. खोरोगहून दुशान्बेला छोटं विमान आहे ना, असं कोणीतरी विचारतंच. ते हवामान चांगलं असेल तरच उडतं. त्याच्या भरवशावर पुढचं तिकीट काढू नये.

परवाना बुधवारी साडेअकराला मिळाला. ऑपरेटरने त्याचा फोटो पाठवला तेव्हा आम्ही तीन गोष्टी ताडून पाहिल्या. तालुके: दरवाझ, वंज, रुशान, शुग्नान, इश्काशिम यांतलं एक जरी नाव गळलं तरी वाटेत अडकायला होतं. तारखा: परतीच्या दिवसासकट. आणि नाव. आपल्याकडच्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही येतं, तिकडचा कारकून ते गाळून टाकतो. इथेही एका परवान्यात नेमकं तेच गळलं होतं. माणूस खिडकीवर उभा असतानाच दुरुस्त करून घेतलं, म्हणून दहा मिनिटांत झालं. खिडकी सोडली की पुन्हा रांग.

पासपोर्ट, व्हिसा आणि परवाना एकाच कागदावर येईल अशा प्रत्येकी पंधरा झेरॉक्स दिल्या होत्या. चेकपोस्टवर वहीत हाताने नोंद करतात, कागद पुढे केला की काम लवकर होतं. डॉलर नवे आणि बिनघडीचे, कारण दुमडलेली किंवा शिक्का पडलेली नोट घेत नाहीत. खोरोगच्या पुढे एटीएम मिळेल असं धरायचं नाही. मुक्काम लोकांच्या घरी, रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून माणशी साधारण 15 ते 20 डॉलर, संडास बहुतेक अंगणात. शाकाहारी माणसाला ब्रेड, बटाटा, टोमॅटो आणि शिरचाय म्हणजे मीठ-लोणी घातलेला दुधाचा चहा मिळतो. मेतकूट आणि थेपले न्यावेत.

पण निघण्याआधी ठाण्यातच बॅगा उघडायला लावल्या आणि बरं झालं. दोघींपैकी एका काकूंनी गणपतीतलं पंचखाद्य डब्यात भरून घेतलं होतं. त्यात खसखस! संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते, आणि विमान दुबईमार्गे. “प्रसाद आहे हो तो,” काकू म्हणाल्या. डबा आमच्या टेबलावर रिकामा झाला. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही काढायला लावलं. ड्रोन तर घरीच.

फोनच्या घड्याळाबद्दलही बजावलं होतं. ताजिकिस्तान आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आणि अफगाणिस्तान त्याहून अर्धा तास. नदीकाठी फोनने पलीकडचा टॉवर पकडला की वेळ आपोआप बदलते आणि सकाळी ड्रायव्हर दारात हॉर्न वाजवत उभा राहतो. वेळ हाताने लावायची, रोमिंग बंद ठेवायचं.

चौघं लंगरला पोचले. पामीर आणि वाखान नद्या मिळून पांज होते ते ठिकाण, गावावरच्या डोंगरातली कातळचित्रं आणि वाटेत व्रांगचा बौद्ध स्तूप, सगळं झालं.

त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर अफगाण बाजूने झालेल्या हल्ल्यांत सीमेलगत काम करणारे चिनी कामगार मारले गेले. 2022 च्या मे महिन्यात खोरोग-रुशानमध्ये अशांतता झाली तेव्हा परदेशी पर्यटकांचे परवाने काही काळ बंदच होते. म्हणून आता लंगर मागणाऱ्याला आम्ही हॉटेल आणि गाडीचे पैसे परत मिळतील अशाच अटीवर बुकिंग देतो, विम्यात उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च वाचून दाखवतो, आणि निघायच्या आठवड्यात ऑपरेटरचा होकार आल्याशिवाय ड्रायव्हरला आगाऊ रक्कम पाठवत नाही. आणि व्हिसाचे अर्ज भाच्याला भरू देत नाही.